तळ्याकाठच्या चार दिवसांची जाहीर सूचना

माझ्या हातून आजवर चारशे तेरा जाहीर सूचना निघाल्या. त्यांतल्या चारशे बारा कुणीही वाचल्या नाहीत. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. नगररचना कार्यालयात सूचना लिहिणं हे माझं चोवीस वर्षांचं काम आहे, आणि सूचना कुणी न वाचणं हेच आमच्याकडे तिच्या यशाचं लक्षण मानतात. वाचली तर हरकती येतात, हरकती आल्या की सुनावणी ठेवावी लागते, सुनावणीला माणसं येतात आणि खुर्च्या कमी पडतात.

चारशे बारावी सूचना मात्र आमच्या इमारतीतल्या झाडून सगळ्यांनी वाचली. ती मी आमच्या घरगुती सहलीबद्दल लिहिली होती.

गोष्ट एवढीशी होती. लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि येत्या वीस तारखेला बायको सहा महिन्यांसाठी तिच्याकडे जाणार होती. एका रविवारी माझ्या शर्टाचं बटण शिवता शिवता ती म्हणाली,

"अहो, मी जायच्या आधी चार दिवस कुठंतरी जाऊ या. तळं असावं, मागे डोंगर असावेत. आणि फक्त आपण दोघं."

"फक्त दोघं?"

"फक्त दोघं. आणि त्या चार दिवसांत मला कुणी हाक मारायची नाही."

"मीसुद्धा?"

"तुम्ही मारा. पण चष्मा सापडत नाही म्हणून नाही."

मी विचार करू लागलो. लग्नाच्या सत्तावीस वर्षांत आम्ही दोघांनीच असा केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला गेलो तो. त्यातही परतीच्या वाटेवर माझी आत्या भेटली आणि घरापर्यंत सोबत आली. शिवाय बायकोने इतक्या वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही फक्त तिसरी गोष्ट. पहिली स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी, ती बसवली. दुसरी माझ्या पायमोज्यांसंबंधी होती. ती अजून विचाराधीन आहे. तेव्हा ही तिसरी तरी तडीस न्यायची, असं मी त्याच क्षणी ठरवलं. आणि तिथेच चूक झाली. एरवी मी काही ठरवत नाही, त्यामुळे आमच्या घरात बहुतेक गोष्टी पार पडतात.

आता, तळं आणि डोंगर एकत्र असलेला परिसर शोधायचा कसा? दुसऱ्या कुणी चार लोकांना विचारलं असतं. मी माझ्या पद्धतीने गेलो. एक कोरा कागद घेतला, समास आखला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं :

"तळी व डोंगर असलेल्या परिसरात दिनांक बारा ते पंधरा असा चार दिवसांचा प्रवास योजिला आहे. सदर परिसराविषयी ज्यांना माहिती, अनुभव, हरकती अथवा सूचना असतील त्यांनी त्या निम्नस्वाक्षरीकाराकडे सादर कराव्यात."

इथे थांबलो असतो तर ही कथा झाली नसती. पण चोवीस वर्षांची सवय. हात आपोआप पुढे गेला आणि प्रत्येक सूचनेखाली असतात त्या दोन ओळी त्याने खाली लिहून टाकल्या :

"इच्छुकांनी आपली नावे खाली नोंदवावीत. मुदतीनंतर आलेल्या नावांचा विचार केला जाणार नाही."

कागद खाली जाऊन पत्रपेट्यांजवळच्या फलकावर लावला आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात जेवायला बसलो.

संध्याकाळी नऊ नावं आली होती. दुसऱ्या दिवशी बावीस. तिसऱ्या दिवशी माझ्या कागदाला खाली दुसरा कागद चिकटवलेला होता. आमची इमारत सहा मजल्यांची, मजल्याला दोन अशी बारा घरं, शिवाय तळमजल्यावर शिंप्यांचं दुकान. या माणसांना एरवी पाण्याची टाकी धुवायची आहे म्हणून बोलावलं तर कोरम भरत नाही. पण 'विचार केला जाणार नाही' असं वाचलं की माणसाचं काय होतं कुणास ठाऊक. तळं कुठलं, डोंगर कुठले, कुणी विचारलं नाही. मुदत चुकू नये म्हणून आधी नाव लिहिलं.

बायकोने तो फलक भाजी घेऊन येताना पाहिला. ती वर आली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय."

सत्तावीस वर्षं संसार केलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही.

मी तातडीने शुद्धिपत्रक काढलं. "उपरोक्त सूचनेतील शेवटच्या दोन ओळी रद्द समजाव्यात." ही माझी चारशे तेरावी सूचना, आणि ती परंपरेला जागली. कुणीही वाचली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यावर बसमधल्या बैठकांचा तक्ता लागला होता. तो आमच्या सेक्रेटरींनी लावला होता. सेक्रेटरी म्हणजे इमारतीचे मानद सचिव, तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि त्यांच्या मते बाकीचे अकरा जण केवळ त्यांच्या सहनशीलतेमुळे राहतात.

"छुपे रुस्तम निघालात तुम्ही!" त्यांनी जिन्यातच माझ्या पाठीवर थाप मारली. "एकोणीस वर्षं इथे राहताय, तोंडातून शब्द नाही, आणि काढली ती एकदम चार दिवसांची सहल!"

"अहो, ती आम्हा दोघांचीच होती. म्हणजे मी आणि ही..."

"काय तुम्ही पण! लाजताय काय असे? दोघांची ट्रिप कुणी फलकावर लावतं का?"

मी जिना चढू लागलो. 

मग पहिली सभा झाली. खुर्च्या तिथे आयत्या असतात म्हणून पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या प्रतीक्षागृहात. सेक्रेटरींनी डोंगरांजवळचं एक तळं आणि त्याच्या काठचं सरकारी विश्रामगृह सुचवलं. दोन खरे पेशंटही बसले होते. त्यांनीही हात वर करून मतदान केलं. एक तर गाल धरून. दंतवैद्य आतून एकाची दाढ कोरता कोरता मत देत होते. "तळ्याकाठी वारा थंड असतो! आ करा. दाढा ठणकतात! मी आधीच सांगून ठेवतो, आणखी मोठा आ, सगळ्यांनी तपासून घ्या!"

सहाव्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंचा आक्षेप मूलभूत होता. बाई निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. भूगोल अजून निवृत्त झालेला नाही.

"तुम्ही म्हणताय ते तळं नाही," त्या काठी आपटून म्हणाल्या. "तो जलाशय आहे. नदी अडवली की पाणी साठतं. त्याला तळं म्हणणाऱ्याला मी चौथीत मार्क दिले नसते."

"बाई, पण दिसायला तळ्यासारखंच दिसतं ना?" मी म्हटलं.

"दिसायला तुम्हीही आयोजकासारखेच दिसता," बाई म्हणाल्या.

हशा झाला. त्या हशात मी आयोजक झालो. सेक्रेटरींनी माझ्या गळ्यात एक शिट्टी अडकवली. पन्नाशी उलटलेल्या, पदवीधर, दोन वेळा उत्कृष्ट मसुदालेखनाचं प्रशस्तिपत्र मिळालेल्या माणसाच्या गळ्यात हिरव्या दोरीची शिट्टी! मी ती काढून खिशात ठेवली, तर सेक्रेटरींनी सर्वांदेखत परत घालायला लावली.

घरी आलो तेव्हा बायको कॅनव्हासचे नवे बूट घालून स्वयंपाकघरात चालत होती. चावू नयेत म्हणून ती रोज अर्धा तास घरातल्या घरात ते घालत असे. मी म्हटलं, "उद्या सरळ सांगतो सगळ्यांना. चूक माझी आहे, माफ करा, हा प्रवास खाजगी आहे."

"नको," ती म्हणाली. "बाईंनी नवी बॅग आणलीय. काल मला उघडून दाखवत होत्या. आत एवढे कप्पे, म्हणाल्या, कशात काय ठेवू? त्यांना कुणी नेत नाही हो कुठे. आता नाही म्हणू नका कुणाला."

मग तिने बूट काढले, फडक्याने पुसले आणि खोक्यात ठेवून दिले. तिने आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. खोक्याचं झाकण तिने अगदी हलक्या हाताने लावलं.

आता निदान गर्दीत का होईना, तिला तळं दाखवायचंच, असं मनाशी ठरवून मी रजेच्या मागे लागलो. रजेच्या अर्जात 'रजेच्या काळातील पत्ता' असा रकाना असतो. आमच्या आस्थापना विभागातला कारकून माझ्याच बॅचचा. म्हणाला, "तळ्याकाठी, हा पत्ता होत नाही. विश्रामगृहाचं आरक्षणाचं पत्र आण, मग रजा." मी विश्रामगृहाच्या कार्यालयात गेलो. तिथले गृहस्थ म्हणाले, "आधी मंजूर रजेची प्रत जोडा, मग खोली." इमारतीतल्या बाकीच्या बत्तीस जणांना खोल्या मिळाल्या होत्या, कारण ते कुणी सरकारी नोकर नव्हते. मी चार दिवस या दोन टेबलांमध्ये फेऱ्या मारल्या. पण खरं सांगतो, पायाचे तुकडे पडत असतानाही त्या रचनेचं मला मनातून कौतुक वाटत होतं. इतकं निर्दोष काम बाहेरच्या माणसाला जमायचं नाही.

पाचव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब म्हणजे भूगोलाच्या बाईंचे जावई. ही गोष्ट आम्ही दोघंही कार्यालयात कधी काढत नाही.

"बसा. ती तळ्याकाठची सहल तुमचीच ना?"

"हो साहेब. रजेचा अर्ज आपल्याकडे..."

"झकास कल्पना! सासूबाईंनी आमची दोघांची नावं परस्पर घातलीत. आता त्यांना नाही कोण म्हणणार? तेव्हा बारा ते पंधरा मी रजेवर. कार्यालयाचा प्रभार तुमच्याकडे."

"साहेब, पण आयोजक मी आहे!"

"म्हणून तर निर्धास्त आहे," साहेब म्हणाले. "आयोजन चोख असणार."

असा मी माझ्याच सहलीतून वगळला गेलो. घरी जाताना रस्त्यात तीनदा वाक्य जुळवलं आणि दारात पोचेपर्यंत तिन्ही विसरलो. शेवटी बूट काढता काढता एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, "तू जा यांच्यासोबत. तळं बघून ये. माझ्या वाटचंही बघ."

ती गव्हातले खडे निवडावेत तशी माझं एकेक वाक्य निवडत ऐकत होती.

"म्हणजे बस जाणार?"

"जाणार."

"सगळे जाणार?"

"चौतीस जण. सेक्रेटरींचा कुत्रासुद्धा."

"आणि तुम्ही इथे."

"मी इथे."

ती उठली. चष्मा लावला, चपला घातल्या आणि खाली गेली. मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. ती फलकासमोर उभी राहून यादीवरून बोट फिरवत होती. पहिला मजला, दुसरा, तिसरा. यादी संपली तिथे बोट थांबलं. मग ती तळमजल्यावरच्या शिंप्यांच्या दारात गेली.

"भाऊजी, तुमचं नाव नाही यादीत."

"आम्ही कुठले जातोय वहिनी," शिवणयंत्रावरून मान न उचलता शिंपी म्हणाले. "कपड्यांचा ढीग पडलाय."

"ढीग काही पळून जात नाही. मान बघा तुमची, वाकून वाकून प्रश्नचिन्हासारखी झालीय. आणि वहिनींनी या दुकानाबाहेर शेवटचं पाऊल कधी टाकलं?"

"मागच्या वर्षी," आतून शिंपीणवहिनींचा आवाज आला. "शेजारच्या दुकानात."

"झालं तर. आमच्या दोन जागा रिकाम्या होतायत. त्या तुमच्या."

"पण वहिनी, तुम्ही..."

"यांना सुट्टी नाही हो," बायको इतक्या दुःखी आवाजात म्हणाली की वरती कठड्यापाशी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. "यांना एकटं टाकून मी कशी जाऊ?"

परत येऊन तिने फलकावर स्वतःच्या हाताने शिंप्यांची दोन नावं लिहिली आणि आमची दोन खोडली. वर आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, पण ती पायऱ्या दोन दोन चढत होती. मी अजून काहीच समजलो नव्हतो. मसुदालेखनाचं प्रशस्तिपत्र वेगळं आणि बुद्धी वेगळी.

बारा तारखेला सकाळी बस लागली. मी शिट्टी वाजवून माणसं मोजली. नवी बॅग मांडीवर घेऊन बाई पहिल्या खिडकीत. साहेब त्यांच्या मागे, शाळेतल्यासारखे ताठ. जाता जाता प्रत्येकाने आपापल्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. कुणाच्या कुंड्या, कुणाची मांजर, दंतवैद्यांच्या प्रतीक्षागृहातले मासे. दोघं इथे आहेतच तर, नाही का? अकरा घरांच्या अकरा किल्ल्या मी शिट्टीच्या दोरीत ओवल्या.

"बिचारे," सेक्रेटरी मान बाहेर काढून म्हणाले, आणि बस गेली.

आम्ही दोघं फाटकात उभे होतो. इमारतीतून आवाज येत नव्हता. नळ वाहत नव्हता, दार आपटत नव्हतं, कुत्रा भुंकत नव्हता. बायकोने वर बघितलं, सहाच्या सहा मजले डोळ्यांनी मोजले आणि म्हणाली, "किती छान जागा आहे ही. कुणी सांगितलं नव्हतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कार्यालयात गेलो. साहेबांच्या खुर्चीत बसलो आणि तीन दिवस रोज अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज स्वतःला उद्देशून लिहिला. पंधरा तारीख रविवारची होती. पत्त्याच्या रकान्यात माझ्या घराचा पत्ता घातला. तो पुरेसा होता. प्रभारी अधिकारी म्हणून मी अर्जदाराची बाजू नीट समजून घेतली. माणूस प्रामाणिक वाटला. 'कार्यालयीन कामास बाधा न येईल या बेताने मंजूर' असा शेरा मारला आणि एक वाजता घरी आलो.

दार उघडलं तर बायको कॅनव्हासचे बूट घालून तयार.

"चला," ती म्हणाली. "कुंड्यांना पाणी घालायचंय."

त्या चार दिवसांत आम्ही काय काय पाहिलं! एकोणीस वर्षं ज्या दारांवरून गेलो, त्यांच्या आतला उजेड आम्ही कधी पाहिलाच नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात दुपारी तीनला ऊन थेट ओट्यावर येतं. तिथे उभं राहून चहा प्यायलो. पाचव्या मजल्यावरच्या मांजरीला बायको आवडली नाही, मी आवडलो; याचा मला जितका अभिमान वाटला तितका प्रशस्तिपत्राचाही वाटला नव्हता. माशांना खाणं टाकून आम्ही दंतवैद्यांच्या बाकावर तासभर नुसते बसलो. बायको तिथेच माझ्या खांद्याला टेकून झोपली. दुपारी झोपलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिच्या कपाळावर एक आठी असते, ती जन्मजात आहे असं मी समजत होतो. ती झोपेत गेली.

आणि बाईंच्या सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून डोंगर दिसतात. शेजारच्या इमारतींच्या टाक्यांमागे, निळसर, एकामागे एक तीन रांगा. ते मी कार्यालयातल्या नकाशात रोज बघतो. तपकिरी रेघा असतात. रेघा उभ्या राहतात हे मला माहीत नव्हतं.

"आणि ते बघा तळं," बायको म्हणाली. समोरच्या गच्चीवर फुटक्या टाकीतून गळून गळून पाणी साठलं होतं आणि त्यात चार कबुतरं आंघोळ करत होती.

"ती गळती आहे."

"पाणी आहे ना? काठ आहे ना? मग झालं."

बाई असत्या तर मार्क कापले असते. बाई नव्हत्या. आम्ही खुर्च्या ओढल्या आणि रोज तिथे बसू लागलो. बोलण्यासारखं फारसं नव्हतं. एकदा ती म्हणाली, "मी गेल्यावर जेवाल ना नीट?" मी म्हटलं, "जेवेन." एकदा मी म्हणालो, "सहा महिने म्हणजे तसे काही जास्त नाहीत." मग मी कबुतरं मोजत बसलो. ती चारच होती, पण मी पुष्कळ वेळ मोजत होतो.

पंधराला बस संध्याकाळी साडेसातला यायची होती. पावणेसहालाच गल्लीच्या तोंडाशी तिचा हॉर्न ऐकू आला. वरून पाहिलं : बस थांबली, कुत्रा उतरला, पाठोपाठ सामान, पाठोपाठ माणसं. धुक्यामुळे तिथे एकही डोंगर दिसला नाही, हे आम्हाला सहाव्या मजल्यावरही स्वच्छ ऐकू आलं. आमच्या दाराची बेल वाजली. पुन्हा वाजली.

"अहो आयोजक! किल्ल्या!"

"घरी नाहीत वाटतं."

"जातायत कुठे ते!"

लिफ्ट सहाव्या मजल्यावर होती आणि तिचं दार मी नीट लावलं नव्हतं, त्यामुळे ती कुणालाच मिळेना. मी उठलो. कर्तव्य ते कर्तव्य. अकरा किल्ल्या खिशात वाजल्या. तोच बायकोने माझं मनगट धरलं.

"थोडं बसा," ती म्हणाली. "उभ्या राहू देत त्या."

मी बसलो. खाली छत्तीस जण आपापल्या बॅगांवर बसून हाका मारत होते, शिंपीणवहिनी कधी नव्हे ते मोठ्याने हसत होत्या, आणि वर दुसऱ्याच्या बाल्कनीत, दिवसाढवळ्या, माझ्या बायकोने माझा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता. ऊन टाक्यांवरून उतरत डोंगराकडे चाललं होतं. आम्ही ते पूर्ण जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी लेखी तक्रार दिली. 'सर्व रहिवाशांना सामानासह एकोणीस मिनिटे तिष्ठत ठेवल्याबद्दल' खुलासा मागितला होता. तक्रार मुद्देसूद होती, मजकुराबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. मी खाली 'मान्य आहे' असं लिहून सही केली. बायकोने माझ्या हातातून पेन घेतलं आणि शेजारी तिचीही केली.

आमच्या दोघांच्या सह्या एका कागदावर अशा शेजारी शेजारी याआधी एकदाच झाल्या होत्या. सत्तावीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या नोंदवहीत.